इथे कमी काय आहे? निर्जीव घटक जीवसृष्टी कशी घडवतात

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात केवळ संशोधनासाठी राखून ठेवलेली छोटी छोटी तळी आहेत. ती क्रमांकांनीच ओळखली जातात. त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं मधोमध चिंचोळं होत गेलेलं आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या त्या चिंचोळ्या जागी, पृष्ठभागापासून तळाच्या गाळापर्यंत, एक जाड पडदा सोडला आणि तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं. एका भागात त्याच्या जोडीला थोडं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस घातलं, दुसऱ्यात नाही. उन्हाळा सरत येईपर्यंत स्फुरद घातलेला भाग शेवाळाने इतका माखला, की विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याची रेषा आखल्यासारखी उठून दिसते. एकीकडे दाट हिरवं पाणी आणि दुसरीकडे पूर्वीसारखंच गडद, नितळ.

त्या काळी तळी हिरवी का पडतात आणि त्यातले मासे का मरतात यावर जोरदार वाद चालू होता. दोष कार्बनचा आहे, असं म्हणणारा एक गट होता. सांडपाण्यातून आणि कपडे धुण्याच्या पावडरमधून येणारं फॉस्फेट कारणीभूत आहे, असं म्हणणारा दुसरा. या एका फोटोने वादाचा निकाल बराचसा लावून टाकला. पण मला तो फोटो आणखी एका कारणाने मोलाचा वाटतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना ऊन होतं, पाणी होतं, कार्बन आणि नत्रही होतं. तरी एक बाजू जशीच्या तशी राहिली. जे भरपूर होतं त्याने काही घडलं नाही. जे तुटपुंजं होतं ते थोडंसं मिळताच पाण्याचा रंगच पालटला. कुठलीही परिसंस्था समजून घ्यायची तर पहिला प्रश्न हाच विचारावा, असं मला वाटतं: इथे कमी काय आहे?

काही संपतं, काही संपत नाही

जीव आणि त्यांच्या भोवतालची निर्जीव परिस्थिती यांचा विचार एकत्रच करायला हवा, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये ठामपणे मांडलं. परिसंस्था ही संकल्पना त्यांचीच. ऊन, तापमान, पाणी, वारा, मातीतली खनिजं, मातीचा किंवा पाण्याचा सामू (म्हणजे आम्लतेचं माप), क्षारांचं प्रमाण, पाण्यात विरघळलेला प्राणवायू, जमिनीचा उतार, समुद्रसपाटीपासूनची उंची, भरती-ओहोटी हे सगळे अजैविक घटक. शाळेच्या पुस्तकात त्यांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ. ती यादी चुकीची नाही, पण तिच्यामुळे एक गैरसमज पक्का होतो: हे सगळे घटक एकमेकांशेजारी, सुटे सुटे, सारख्याच जोराने काम करतात, असा. तसं कुठेही नसतं. एखाद्या जागी त्यातला एखादाच घटक सगळ्यांना अडवून धरतो, आणि थोडं पुढे गेलं की अडवणारा बदलतो.

यादीपेक्षा एक साधा भेद ध्यानात ठेवणं जास्त उपयोगी. प्रकाश, पाणी, नत्र, स्फुरद या गोष्टी वापरल्या जातात. एका झाडाने घेतलं की शेजारच्याला तेवढं कमी. विषुववृत्तावरच्या घनदाट जंगलात वरच्या पानांवर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के ऊन जमिनीपर्यंत पोचतं, कारण मधल्या पानांनी ते टिपून घेतलेलं असतं. तापमान, सामू, खारेपणा यांचं तसं नाही. त्यांना कोणी खाऊन संपवत नाही. ते सोसावे लागतात. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या घटकांवरून जीवांमध्ये चढाओढ लागते आणि दुसऱ्या प्रकारचे घटक मुळात चढाओढीला कोण उतरणार हे ठरवतात.

जमिनीचं वय

एखाद्या पिकाला लागणाऱ्या पोषकद्रव्यांपैकी जे सर्वांत अपुरं असेल त्यावरच वाढ अडते, बाकीची कितीही घातली तरी उपयोग होत नाही, हा नियम जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडला आणि १८४० नंतर युस्टुस फॉन लीबिग यांनी सर्वदूर पोचवला. नियम शेतीतला आहे. निसर्गात तो इतका सरळ चालत नाही. बऱ्याच ठिकाणी दोन पोषकद्रव्यं एकाच वेळी कमी पडतात आणि दोन्ही मिळाल्याशिवाय वाढ होत नाही. तरी त्याची ताकद बघायची असेल तर हवाई बेटांकडे जावं. या विषयातलं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

हवाईची बेटं पॅसिफिक महासागराच्या तळाखालच्या एकाच तप्त जागेतून, एकामागून एक, ज्वालामुखीने वर आली. समुद्रतळाचं कवच सरकत राहिलं आणि जुनी बेटं वायव्येकडे जात राहिली. त्यामुळे एका टोकाला काही शतकांपूर्वी गोठलेल्या लाव्हावरची माती सापडते आणि दुसऱ्या टोकाला, काउआई बेटावर, सुमारे ४१ लाख वर्षं जुनी. पीटर व्हिटौसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रांगेतल्या अशा जागा निवडल्या जिथे उंची सारखी, वर्षाचा पाऊस सारखा म्हणजे सुमारे २,५०० मिलिमीटर, सरासरी तापमान सारखं म्हणजे सुमारे १६ अंश सेल्सिअस, मूळ खडक सारखा, इतकंच काय, जंगलातलं मुख्य झाडसुद्धा एकच: ओहिआ लेहुआ. फरक फक्त मातीच्या वयाचा. मग त्यांनी ठरावीक तुकड्यांना खतं घातली आणि झाडांची वाढ मोजली.

सर्वांत तरुण जमिनीवर झाडांनी नत्राला दाद दिली, स्फुरदाला नाही. सर्वांत जुन्या जमिनीवर बरोबर उलट. आणि याचं कारण समजलं की मातीकडे बघायची नजरच बदलते. ताज्या लाव्हाच्या खडकात स्फुरद असतं, पण नत्र जवळजवळ नसतंच. नत्र हवेतून यावं लागतं, सूक्ष्मजीवांनी ते मातीत बांधावं लागतं आणि त्याला शेकडो, हजारो वर्षं जातात. स्फुरदाची गोष्ट उलटी आहे. ते खडकातून एकदाच मिळतं. खडक झिजत जातो तसं ते मोकळं होतं, काही पावसाबरोबर वाहून जातं आणि उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमध्ये असं जखडलं जातं की मुळांना ते घेता येत नाही. म्हणजे तरुण जमीन नत्राला मोताद असते आणि म्हातारी जमीन स्फुरदाला. मधल्या वयात, जेव्हा नत्र साठलेलं असतं आणि स्फुरद अजून उरलेलं असतं, तेव्हा जमीन सर्वांत सुपीक असते.

मग काउआईवर अजून जंगल कसं आहे? ४१ लाख वर्षांत स्फुरद संपून जायला हवं होतं. त्याचं उत्तर हवेत आहे. मध्य आशियातल्या वाळवंटांमधून उडालेली धूळ हजारो किलोमीटर प्रवास करून पॅसिफिकवर येते आणि पावसाबरोबर या बेटांवर पडते. दरवर्षी पडणारी धूळ नगण्य असते, पण जिथे जमिनीकडे स्वतःचं काहीच उरलेलं नाही तिथे तीच पुरवठा करते.

अशीच धूळ आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. तिथली मातीही जुनी, पावसाने धुऊन निघालेली. २०१५ मध्ये उपग्रहाच्या मोजमापांवरून काढलेला अंदाज असा, की या धुळीतून ॲमेझॉनच्या खोऱ्याला वर्षाला सुमारे २२,००० टन स्फुरद मिळतं, आणि पावसापुरात वाहून जाणारं स्फुरदही साधारण तेवढंच असतं. यातली काही धूळ चाडमधल्या बोडेले नावाच्या खोलगट भागातून येते. तिथे एकेकाळी प्रचंड तलाव होता. तो आटला आणि तळाला डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा थर उघडा पडला. वारा आज उचलतो तो त्या मेलेल्या जीवांचा भुगा. ॲमेझॉनचं स्फुरद कुठून किती येतं यावर अजून संशोधन चालू आहे, पण पृथ्वीवरच्या सर्वांत ओल्या जंगलांपैकी एकाचा पोषणाचा धागा सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एकात जाऊन पोचतो, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

समुद्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. दक्षिण महासागर आणि विषुववृत्तीय पॅसिफिकच्या मोठ्या भागात नत्र आणि स्फुरद मुबलक असूनही वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फार थोडे. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी सांगितलं की तिथे लोह कमी आहे. हे सिद्ध करणं अवघड होतं, कारण समुद्राच्या पाण्यातलं लोह अत्यल्प असतं आणि नमुने घेणारं जहाजच लोखंडाचं. नमुन्यात जहाजाचं, तारांचं, उपकरणांचं लोह मिसळून आधीची मोजमापं बिघडलेली होती. मार्टिन यांनी काटेकोर स्वच्छता पाळून ती नव्याने केली. १९९३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी, काही महिन्यांनी, गॅलापागोस बेटांच्या दक्षिणेला समुद्रात लोहाचं द्रावण सोडण्यात आलं. प्लवक वाढले. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात तर पाण्याचा निळा रंग जाऊन ते हिरवं झालं.

अति झालं तरी अडतंच

कमतरता ही एक बाजू झाली. १९१३ मध्ये व्हिक्टर शेल्फर्ड यांनी दुसरी बाजू जोडली: प्रत्येक जीवाला प्रत्येक घटकाची खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. दोन्हींच्या मधे तो तग धरतो, साधारण मध्याजवळ तो फोफावतो आणि कडांजवळ जेमतेम जगतो. काही जीवांचा हा पट्टा रुंद असतो, काहींचा अगदी अरुंद. प्रवाळांचं घ्या. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त एक अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ आपल्या पेशींमधली शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. त्यांचं बहुतेक अन्न त्या शेवाळांकडून येत असतं. उष्ण समुद्रात राहणारा हा जीव आपल्या वरच्या मर्यादेच्या किती जवळ राहतो, हे त्यातून कळतं.

विषारी मातीचंही तसंच. सर्पेंटाइन खडकापासून झालेल्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम जास्त आणि निकेलचं प्रमाण बहुतेक वनस्पतींना मारक. अशा जमिनीचा तुकडा दुरूनही ओळखू येतो. शेजारी दाट रान असतं आणि इथे विरळ, खुरटी झुडपं. पण ज्या थोड्या वनस्पतींना ही माती सोसते त्यांना दांडगे शेजारी राहत नाहीत. न्यू कॅलेडोनिया बेटावर पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा नावाचं झाड आहे. त्याच्या सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक येतो. तो रंग निकेलचा. चीक वाळवला तर त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत निकेल भरतं. इतरांना जे विष, ते या झाडाने अंगात साठवून ठेवलेलं असतं.

सरासरी फसवते

एखाद्या ठिकाणचं वर्षाचं सरासरी तापमान आणि एकूण पाऊस कळला की तिथलं निसर्गचित्र कळलं, असं वाटतं. ढोबळ मानाने ते खरंही आहे. पण जीवांच्या सीमा ठरतात त्या बहुधा वाईट दिवसांवरून. परीक्षेत एकूण टक्केवारी चांगली असून एका विषयात नापास झालं की गाडी अडते, तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो हा उंच, फाटे फुटलेला निवडुंग उन्हाने मरत नाही, कोरड्याने मरत नाही. तो किती उत्तरेला आणि डोंगरावर किती उंच जाऊ शकेल हे गोठवणाऱ्या थंडीच्या लांबीवरून ठरतं. रात्री गोठलं आणि सकाळी ऊन पडून वितळलं तर तो ते सोसतो. पण दिवसही न वितळता तसाच गेला, तर पाण्याने भरलेलं त्याचं खोड आतून फुटतं, सडतं. कित्येक दशकांमधून एकदा येणारी अशी एखादी थंडीची लाट शंभर वर्षांच्या निवडुंगांचं रान संपवते आणि नकाशावरची त्याची सीमा मागे ढकलते.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची खारफुटी हेच सांगते. १९८४ ते २०११ या काळातली उपग्रहचित्रं तपासल्यावर दिसलं की तिथल्या उत्तर सीमेजवळ खारफुटीचं क्षेत्र दुप्पट झालं. वाढलेल्या सरासरी तापमानाशी त्याचा संबंध नीट जुळत नव्हता. जुळला तो उणे ४ अंशांच्या खाली जाणाऱ्या दिवसांच्या संख्येशी. ते दिवस कमी झाले आणि झाडं उत्तरेकडे सरकली.

पावसाचंही तेच. किती पडला याइतकंच कधी पडला हे महत्त्वाचं. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा, या पाच ठिकाणी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. म्हणजे ऊन आणि ऊब असते तेव्हा पाणी नाही, पाणी असतं तेव्हा ऊब कमी. या पाचही ठिकाणच्या वनस्पती एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या कुळांमधून आलेल्या आहेत. तरी सगळीकडे बुटकी, सदाहरित, जाड आणि चिवट पानांची झुडपं दिसतात. आणि कोरड्या उन्हाळ्यात ही रानं पेटतात. त्यामुळे जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटण्याची किंवा आगीनंतरच बी रुजवण्याची सोयही त्यांच्यापैकी अनेकांत आहे.

थंडीचे दोन चेहरे

वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे खूप की थोडा? सायबेरियात किंवा उत्तर कॅनडात एवढ्या पावसावर सूचिपर्णी वृक्षांचं अरण्य उभं राहतं आणि वर दलदल उरते. उष्ण प्रदेशात तेवढ्याच पावसावर काटेरी झुडपं आणि उघडी जमीन. कारण उष्णतेने पाणी उडून जातं. झाडाच्या वाट्याला काय येतं हे पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावर ठरतं. तापमान आणि पाणी हे दोन घटक वेगळे मोजता येतात, पण जीवांच्या अंगावर ते एकत्रच येतात.

डोंगरावर हा खेळ थोड्या अंतरात बघायला मिळतो. दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये इक्वाडोरच्या चिम्बोराझो पर्वतावर जवळजवळ ५,९०० मीटरपर्यंत चढले आणि वाटेत कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती आहे याची नोंद ठेवली. पायथ्याच्या उष्ण जंगलापासून वरच्या दगडफुलांपर्यंतचे पट्टे त्यांनी एकाच चित्रात मांडले.

या पट्ट्यांमधली सर्वांत ठळक रेषा म्हणजे जिथे झाडं संपतात ती वृक्षरेषा. विषुववृत्ताजवळ ती चार हजार मीटरच्या आसपास असते, उत्तर ध्रुवाकडे सरकत गेलं की समुद्रसपाटीला येऊन टेकते. तरी जगभरात तिच्याजवळ एक आकडा जवळपास सारखा सापडतो: वाढीच्या मोसमातलं सरासरी तापमान साधारण ६ ते ७ अंश. असं का? पानं थंडीतही साखर बनवत राहतात, त्यामुळे झाड उपाशी राहत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाच अंशांच्या खाली नव्या पेशी तयार होणं जवळजवळ थांबतं. माल आहे, पण बांधकाम बंद. मग त्याच्याही वर, गवत आणि जमिनीलगतच्या गादीसारख्या वनस्पती कशा राहतात? त्या बुटक्या असतात म्हणूनच. उन्हात जमीन तापते आणि तिच्यालगतची हवा त्या वनस्पती धरून ठेवतात. दुपारी त्यांच्या आतलं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा बरंच जास्त असतं. झाड मात्र उंच, वाऱ्यात उभं, त्यामुळे ते हवेइतकंच थंड राहतं. एकाच उतारावर, एकाच दुपारी, फूटभर उंचीचं झुडूप आणि दहा मीटरचं झाड दोन वेगळ्या हवामानांत जगत असतात.

पाण्यात थंडीला दुसरा चेहरा आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की माशांवर दुहेरी संकट येतं: शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातला साठा निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात उथळ पाण्यातले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते त्यामुळे. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असतं, सगळे जीव श्वास मात्र घेत असतात आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू अगदी कमी उरतो.

याच्या अगदी उलट टोकाला अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र आहे. खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू उणे १.९ अंशांच्या आसपास, आणि ते पाणी बराचसा काळ त्याच्या जवळपासच असतं. तिथे आइसफिश नावाचे मासे राहतात. त्यांचं रक्त लाल नसतं. ते पाण्यासारखं असतं, कारण त्यात हिमोग्लोबिनच नाही. प्रौढ वयात हिमोग्लोबिन नसलेले पृष्ठवंशी प्राणी एवढेच. इतर कुठेही असा प्राणी गुदमरून मेला असता. इथे पाण्यात प्राणवायू इतका, आणि थंडीमुळे शरीराची गरज इतकी कमी, की रक्तद्रवात नुसता विरघळलेला प्राणवायू पुरतो. त्यासाठी या माशांचं हृदय मोठं आहे, रक्तवाहिन्या रुंद आहेत, आणि खवले नसलेल्या त्वचेतूनही थोडा प्राणवायू आत येतो. रक्त गोठू नये म्हणून त्यात बर्फाच्या कणांना वाढू न देणारी प्रथिनं आहेत. पण हे पाणी थोडं जरी तापलं तरी हा सगळा हिशेब कोलमडेल. यांचा सोसण्याचा पट्टा फार अरुंद आहे.

सीमा कोण आखतं?

सगळंच निर्जीव घटक ठरवतात, असं म्हटलं तर तेही खरं नाही. स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांनी केलेला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचावा असा आहे. तिथे बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी समुद्री प्राण्याच्या दोन जाती आहेत. लहान कथॅमॅलस वरच्या पट्ट्यात, मोठी बॅलॅनस खालच्या. वर ओहोटीत खडक जास्त वेळ उघडा पडतो, तापतो, सुकतो. बॅलॅनस तिथे टिकत नाही. तिची वरची सीमा कोरडेपणाने आखलेली आहे. कथॅमॅलसला कोरडं सोसतं म्हणून ती वर राहते. पण ती खाली का नाही? कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यात कथॅमॅलसच्या पिल्लांभोवतालच्या बॅलॅनस काढून टाकल्या. पिल्लं मजेत जगली. म्हणजे खालची परिस्थिती त्यांना सोसत होती. सोसत नव्हती ती शेजारीण. वेगाने वाढणारी बॅलॅनस त्यांना खालून उचकटून किंवा चिरडून टाकत होती. कठीण बाजूची सीमा निसर्गाच्या कठोरपणाने ठरते आणि सोप्या बाजूची सीमा इतर जीवांच्या गर्दीने, असं अनेक ठिकाणी दिसतं.

आणि जीव नुसते सोसत बसत नाहीत. ते परिस्थितीच बदलतात. थंड प्रदेशातल्या दलदलीत वाढणारं स्फॅग्नम नावाचं मॉस भोवतालच्या पाण्यातली खनिजं शोषून त्या बदल्यात आम्लता सोडतं. पाणी आंबट होतं, कुजणं मंदावतं, इतर झाडांना तिथे रुजणं अवघड होतं आणि स्फॅग्नमचं मात्र फावतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा, निरनिराळ्या अंदाजांनुसार पाव ते निम्मा, हा जंगलानेच आधी हवेत सोडलेल्या बाष्पाचा असतो. तिथे झाडं तोडणं म्हणजे पाऊस तोडणं. आणि हवेतला प्राणवायू, ज्याला आपण अजैविक घटकांच्या यादीत पहिल्या काही नावांत घालतो, तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात साठू लागला तो सायनोबॅक्टेरियांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे.

जुळलेले घटक वेगळे होतात तेव्हा

हवामानबदलाबद्दल बोलताना बहुतेक वेळा एकच आकडा सांगितला जातो, तापमानवाढीचा. मला जास्त काळजी वाटते ती घटकांची फारकत होण्याची. दिवसाची लांबी पृथ्वीच्या कललेल्या अक्षावरून ठरते आणि ती बदललेली नाही. तापमान मात्र बदलतंय. ज्या जीवांनी लाखो वर्षं या दोन्हींची सांगड गृहीत धरली, त्यांच्यासाठी ती सांगड आता सुटत चालली आहे.

समुद्री कासवांची गोष्ट फक्त तापमानाची आहे, पण सीमा किती बारीक असते हे तिच्यातून दिसतं. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूतल्या अंड्यांच्या तापमानावर ठरतं. २९ अंशांच्या आसपास दोन्ही जवळपास सारखे. गार असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांमध्ये वाढत्या वयाची ९९ टक्क्यांहून जास्त कासवं माद्या निघाली.

फारकतीचं उदाहरण युरोपातल्या पाइड फ्लायकॅचर या छोट्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचं आहे. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँड्ससारख्या देशांत जाऊन घरटं करतो. आफ्रिकेतून कधी निघायचं हे तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. हजारो किलोमीटर दूर युरोपात यंदा ऊब लवकर आली आहे की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याची पिल्लं ज्या सुरवंटांवर वाढतात ते मात्र ऊब बघून बाहेर पडतात. नेदरलँड्समधला वसंत जसजसा लवकर तापू लागला, तसतसा सुरवंटांचा बहर अलीकडे सरकला. पक्ष्यांनी पोचल्यावर अंडी घालण्याची घाई केली, पण पोचण्याची तारीख फारशी हलली नाही, आणि तेवढी घाई पुरेना. पिल्लं भुकेली होईपर्यंत सुरवंटांचा बहर ओसरू लागला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिथे सुरवंट सर्वांत लवकर येऊन जातात त्या रानांमध्ये या पक्ष्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली. जिथे सुरवंट उशिरा येतात तिथे ती फार थोडी घटली. त्या रानांत ओकची झाडं तशीच होती, सुरवंटही भरपूर होते. कमी पडले ते मधले काही दिवस.